माधवच्या चुका

“तू तिथंच थांब. ते वजन करतील, तू गणित मांड,” मास्तर म्हणाले.

तिथंच म्हणजे दारात. नगरच्या हायस्कुलात रसायनाच्या प्रयोगाला सगळी पोरं टेबलाभोवती, मी एकटा उंबऱ्यावर. महाराचा पोरगा. इंग्रज जाणार म्हणून रस्त्यावर मिरवणुका निघत होत्या. माझा उंबरा तसाच होता.

वकिलाचा माधव मॅग्नेशियमची फीत काचेच्या पेटीतल्या तराजूत तोलायचा. मुशीत जाळायचा. राख तोलायचा. मला आकडे ओरडून सांगायचा. चोवीस भाग मॅग्नेशियमला सोळा भाग ऑक्सिजन, राख चाळीस भाग. त्या हिशेबानं मी गणित सोडवायचो.

त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या बुटांचा नाही, हुशारीचाही नाही. त्याच्या चुकांचा. तो मुशीचं झाकण लवकर काढायचा, पांढरा धूर उडायचा, राख कमी भरायची. मास्तर हसायचे. “माधवराव, घाई झाली. परत करा.” लगेच नवी फीत. माझी एकदा बेरीज चुकली, तर म्हणाले, “रक्तातच नाही, त्याला कोण काय करणार?”

त्या दिवशीही त्याची राख कमी भरली. मास्तरांनी माझं गणित पाहिलं.

“तुझंच चुकलं.”

“गनित बरोबर हाय, मास्तर. धूर उडाला.”

“हाय म्हणे! आधी बोलायला शिक.”

पोरं खदखदली. माधव तेवढा हसला नाही. त्याचाच जास्त राग आला. चांगलं वागणंसुद्धा त्यालाच परवडत होतं.

मी उंबरा ओलांडला.

“हात लावू नकोस!”

“लावनार.”

फीत तोलली. जाळली. झाकण निसटलं, धूर गेला. माझी राख माधवपेक्षाही कमी भरली.

“बघितलंत?” मास्तर पोरांना म्हणाले.

मी म्हणालो, “घाई झाली. परत करतो.”

फीत कुणी दिली नाही. मला बाहेर काढलं. मी हात लावलेला तराजू मास्तरांनी शिपायाकडून पुसून घेतला.

हेडमास्तरांनी माफी लिहून मागितली. बेलापूरहून बाप आला. “पाया पड, लेका. शाळा जाईल.” माधव मला गाठून म्हणाला, “मी वडिलांना सांगतो. हेडमास्तर त्यांचं ऐकतील.”

ऐकतील, हे मलाही ठाऊक होतं. तेच तर जळत होतं.

“नगं,” म्हणालो.

माफी लिहिली नाही. बाप माघारी गेला. पुढच्या प्रयोगाला मी गेलो, तर दाराला आतून कडी. ठोठावलं.

“काय पाहिजे?” आतून मास्तर.

“प्रयोग करायचाय.”

कडी निघाली नाही. मी पुन्हा ठोठावलं. उद्याही येणार होतो, परवाही. आत जाणार होतो, आणि आत जाऊन चुकणार होतो.