आठवा खेळाडू

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोसमोर एकदा ओठांपर्यंत आली होती—तेव्हा मी चहा मागितला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हाही माझा भित्रेपणाच?

मी कबड्डीवर पोट भरलं. मुंबईत एका कंपनीच्या संघात पगारी खेळाडू होतो. पण स्वतःची अशी जागा मला कधीच नव्हती. डाव्या कोपऱ्यातला पडला, की मी डावा कोपरा. चढाईवाला लंगडला, की मी चढाईला. अडला हरी, की माझी आठवण—बाकी वेळ बाकावर. दुसऱ्याला लागण्याची वाट पाहत तारुण्य गेलं. वाईट वाटतं ना ऐकायला? पण तेच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. हाक आली आणि मी उठलो नाही, असं तिथे कधी झालं नाही.

कतारला, दोह्यात आलो तो कोच म्हणून. एका ठेकेदाराने मराठी माणसांचा संघ काढला होता. इथे माझा बाक कुणी पाहिलेला नव्हता. सगळे म्हणायचे, सर एके काळी काय खेळत असतील! मी नुसता हसायचो. गप्प राहून मोठं होता येतं, हे मला इथे कळलं.

संघात म्हसळ्याचा इरफान होता. हमद पोर्टला कंटेनरवर चढून ते बांधण्याचं काम करायचा. डाव्या कोपऱ्यात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. माझ्यावर त्याचा जीव होता—का, देव जाणे.

त्या शुक्रवारी बऱ्याच जणांना ओव्हरटाइम लागला. सातच आले. मग बदली खेळाडू म्हणून मी माझंच नाव घातलं. ट्रॅकसूटच्या आत खेळायचे कपडे घातले. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरून बायको आणि मुलगी सामना बघायला आल्या होत्या. "बाबा, आज तू प्ले करणार?" मुलीने विचारलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

सामना संपत आला होता, आम्ही जेमतेम पुढे होतो. एका पकडीत इरफान आपटला. लंगडत माझ्याकडे आला.

"सर, गुडगा सुटलाय माजा. बदली द्या."

बदली म्हणजे मी. समोर विरुद्ध संघाचा पंजाबी चढाईवाला उभा होता, माझ्या निम्म्या वयाचा. पहिल्याच चढाईत त्याने मला फरफटत नेलं असतं. मुलीने पाहिलं असतं. मी कधीच कुणी मोठा नव्हतो, हे सगळ्यांना दिसलं असतं.

मी काय केलं सांगू? जिंकायचा विचार केला, असं म्हणायला मला आवडेल. पण नाही—मी ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली. म्हणालो, "यल्ला, चल, थोडंच राहिलंय. जागा सोडू नको."

त्याला बसवून सहा जणांवर खेळलो असतो, तर हरलो असतो, एवढंच. पण मग लोकांनी विचारलं असतं, सर का उठले नाहीत?

तो परत गेला. पुढच्याच चढाईत त्याने त्या पंजाब्याचा घोटा धरला, आणि मग स्वतःचा गुडघा धरून ओरडत माझ्यासमोरच कोसळला.

ठेकेदार धावत आला. बाहेर का नाही काढलं त्याला? आणि मी—चोराच्या उलट्या बोंबा—म्हणालो, "मी बोलावत होतो. त्यानेच ऐकलं नाही." इरफान माझ्या पायाशी पडला होता. त्याने हे ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले.

त्या गुडघ्याने कंटेनरवर चढता येत नाही. नोकरी खलास, व्हिसा खलास. तो घरी गेला. मी अजून इथे आहे, कोच आहे, लोक अजून सर म्हणतात. मला माझी किळस येते. दररोज येते, आणि तरी मी शिट्टी घेऊन मैदानावर जातो.

गेल्या सुट्टीत म्हसळ्याला गेलो. कबूल करायलाच गेलो होतो—विश्वास ठेवा, नका ठेवू. इरफान पाय लांब करून ओटीवर बसला होता. मी तोंड उघडणार, तोच त्याची आई बाहेर आली. डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाली, "सर, त्याने सांगितला सगला आमाला. पोराने तुमचा ऐकला नाय. माफ करा त्याला."

इरफान खाली मान घालून बसला होता. माझं खोटं त्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं.

"असू द्या," मी म्हणालो. "केलं माफ."