मदुरा बेटावरची मिठाची पहिली पाटी

ठाण्याहून निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आली. "भावजी, जे असेल ते सांगा. गोड करून सांगू नका," एवढंच म्हणाली. कपाळावर ठसठशीत कुंकू. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, दुसरी मोठी लढाई संपता संपता कल्याणच्या छावणीतून पलटणीबरोबर जावा बेटावर गेला. मग सरकारी कागद आला: बेपत्ता. आळीने त्याला 'पळपुटा' करून टाकलं. आळीचं काय, तिला तोंड चालवायला निमित्त हवं! मी नौपाड्यातल्या कापडाच्या पेढीत कारकून. पेढीने कामासाठी त्याच जावा बेटावरच्या सुरबायाला पाठवलं, म्हणून हा योग.

बोटीत मी पार आडवा झालो. मिठागरात वाढलेला माणूस समुद्राला इतका भितो, हे कुणाला सांगू नका.

सुरबायात भिंतींवर अजून 'मर्देका' (स्वातंत्र्य) रंगवलेलं आणि शेजारी गोळ्यांची भोकं. पेढीचे तिथले आडते लछमनशेठ, सिंधी गृहस्थ. नासी (भात) आणि डोळ्यांत पाणी आणणारं सांबल (मिरचीची चटणी) वाढत त्यांनी सगळी हकिकत सांगितली. डच इथे पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसलेले. जपान्यांनी त्यांना हुसकलं. जपान हरल्यावर लोकांनी स्वातंत्र्य पुकारलं, तर डच म्हणाले, मुलूख आमचाच! आणि मधे इंग्रज हिंदुस्थानी पलटणी घेऊन उतरले. "तुमच्या पोरांना कळेना, गोळी कुणासाठी झाडायची," शेठ म्हणाले.

मी दादाचा फोटो पुढे केला. शेठ चष्मा पुसून बघत राहिले. "हा दुकानात यायचा. मीठ कुठे पिकतं, विचारायचा. रेशीम नाही, सोनं नाही, मीठ! मी म्हटलं, समोरच्या मदुरा बेटावर. मग पुन्हा दिसला नाही."

मी तिथल्या तिथे मदुराला जायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः बरोबर आले. खाडी ओलांडली, पुढे कोंबड्यांनी भरलेली बस. माझ्या नव्या धोतरावर एका कोंबडीने आपली सही केली. उतरलो आणि समोर मिठागरं. तोच खारट वारा, तेच पांढरे वाफे. ठाण्याचीच खाडी म्हणा ना, फक्त माड जास्त.

हंगाम नुकता सुरू झाला होता. एक म्हातारी मीठ ओढत होती. पहिली पाटी भरली, तशी ती डोक्यावर घेऊन बांधावर गेली आणि सगळं मीठ पाण्यात ओतून आली. मी जागच्या जागी थिजलो. पहिली पाटी खाडीला परत, हा आमच्या घरचा रिवाज. शेजारचे मिठागरवालेसुद्धा त्यावरून आम्हाला हसायचे.

"हे कुणी शिकवलं?" शेठनी माझ्या वतीने विचारलं.

"माझ्या अनाकने (मुलाने). पोटचा नव्हे. बंदूक टाकून आला होता. म्हणाला, तुमचं घर तुमच्याकडून काढून घ्यायला मला पाठवलंय, मला नाही जमत."

म्हातारी सांगत गेली, डच पुन्हा बेटावर उतरले तेव्हा दादा गावकऱ्यांबरोबर बांधावर उभा राहिला होता. गोळी छातीत लागली. म्हातारी मला झाडाखालच्या मातीपाशी घेऊन गेली. "तुमच्यात जाळतात, ठाऊक होतं. पण वेळच नव्हता. आम्ही पुरलं. चुकलं का?"

मिठाने भेगाळलेले तिचे हात मी धरले. "नाही इबू (आई), नाही चुकलं." आणि मी मोठ्याने रडलो, अगदी लहान पोरासारखा. तिने पुडीत थोडं मीठ बांधून दिलं.

घरी आल्यावर वहिनीला सगळं सांगितलं, काहीही गोड न करता. ती भिंतीला टेकून ऐकत होती. "ती बाई त्यांना जेवू घालायची ना?" इतकंच विचारलं. मग पदरात तोंड खुपसून रडली.

संध्याकाळी आळीतल्या बायका जमल्या. कशासाठी, ते मला कळलं. कुंकू पुसायला. वहिनीने त्यांच्यासमोरच मला विचारलं, "भावजी, आता तिथं राज्य कोणाचं?"

"तिथल्या लोकांचंच. दूरचा एक मुलूख डच अजून सोडत नाहीत, त्याचं भांडण चालू आहे. पण मदुरा तिथल्या लोकांचंच."

"आणि पहिली पाटी?"

"दर हंगामाला पडते. त्याच्या नावाने."

वहिनी उठली. "मग कुंकू राहू द्या. त्यांचं नाव तिथं चालू आहे," ती बायकांना म्हणाली. पुडी घेऊन ती खाडीकडे चालू लागली. मी मागोमाग गेलो. भरती होती. तिने मीठ पाण्यात सोडलं, चिमूटभरसुद्धा ठेवलं नाही.