झोपेत पहिला नंबर

विश्रांती शिबिराला जायच्या नुसत्या कल्पनेने कुणी घाबरलं असेल, तर ते बसकाका.

बसकाका म्हणजे शाळेच्या सात नंबरच्या बसचे ड्रायव्हर. एकोणतीस वर्षं गाडी चालवली, पण साधा आरसाही कधी फुटू दिला नाही. सगळी गल्ली त्यांना बसकाका म्हणे, सख्खा मेहुणासुद्धा. शिबिर घरापासून दहा मिनिटांवर, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. शनिवार-रविवार संथ हालचाली, श्वासाचे प्रकार आणि भरपूर आराम. दोघांचंही नाव बायकोने परस्पर घातलं होतं.

"हल्ली उठसूट खेकसता माझ्यावर," ती म्हणाली. "दोन दिवस जरा निवांत बसा. तिथे कुणी खात नाही तुम्हाला."

निवांत बसण्याचीच काकांनी धास्ती घेतली होती, पण हे तिला सांगायचं कुठल्या तोंडाने?

गोष्ट अशी होती की, गेल्या दोन महिन्यांत काकांना गाडी चालवताना झोप लागू लागली होती. पेंग नव्हे. पेंग आली तर माणूस तोंडावर पाणी मारतो, खिडकी उघडतो, काहीतरी चघळतो. ही झोप न सांगता यायची आणि दोन-तीन सेकंदांत निघूनही जायची. डोळे उघडेच असायचे. पहिल्यांदा झालं ते कालव्याच्या कडेच्या सरळ रस्त्यावर. डावं चाक खाली खडीवर उतरलं, त्या आवाजाने काका भानावर आले आणि त्यांनी स्टिअरिंग गर्रकन फिरवलं. मागे चौतीस मुलं एकमेकांच्या अंगावर पडली.

"अहो, काय झालं?" बसमधल्या मदतनीस बाई ओरडल्या.

"कुत्रं आडवं आलं," काका म्हणाले.

त्यानंतर ते कुत्रं आणखी तीनदा आडवं आलं. मुलांना तर त्याचा नादच लागला. कालवा आला की सगळी काचेला नाक लावून कुत्रं शोधायची, आणि इकडे काका स्टिअरिंग आणखी आवळून धरायचे. डॉक्टरकडे जावं, तर डॉक्टर कागदावर लिहून देणार, तो कागद शाळेत जाणार आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना काका घरी बसणार. ज्याला गाव बसमुळे ओळखतं, त्याला बसशिवाय कोण विचारणार? काका मूग गिळून बसले. आपण एक दिवस या मुलांना घेऊन कालव्यात जाणार, हे रोज सकाळी किल्ली फिरवताना त्यांच्या मनात येई, आणि तरीही ते किल्ली फिरवत. याला भित्रेपणा म्हणायचं नाही तर काय?

शनिवारी सकाळी हॉलमध्ये वीसेक माणसं जमली. काकांचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना मॅटऐवजी खुर्ची मिळाली. शेजारच्या मॅटवर एक तरुण बाई होती. ती त्यांना बघून एकदम खुलली.

"काका, तुम्ही! ओळखलंत ना? जुळ्यांची आई."

काकांनी ओळखलं. पाण्याच्या टाकीच्या थांब्यावरची, दोन डबे आणि दोन दप्तरं घेऊन धावत येणारी.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्या गाडीत बसले ना, तरी मी सीट घट्ट धरून असते. पण पोरं एकदा तुमच्या बसमध्ये चढली की घरी जाऊन चहा गरम असताना पिते. दिवसातली तेवढीच माझी चैन."

काका हसले.

शिकवणाऱ्या बाई इतक्या सावकाश बोलत की त्या बस चालवायला बसल्या असत्या तर शाळा दुपारी भरली असती. हात उचलायचा तोही असा, की उचलतोय हे हातालाही कळू नये. कुणाला खोकला येई, कुणाच्या पायाला मुंग्या येत, आणि काकांची बायको गॅस बंद केला की नाही याचा विचार करत चुळबुळत होती. आराम कुणालाच जमत नव्हता. मग बाई म्हणाल्या, "आता पाठ ताठ, हात मांडीवर. समोरच्या खिडकीकडे बघा. काहीही धरून ठेवू नका."

काकांनी जीभ दातांखाली धरली. मांडीला चिमटा काढला. मनात थांबे मोजायला घेतले. पाण्याची टाकी, दवाखाना, लाकडाची वखार...

"बघा, यांच्याकडे बघा सगळ्यांनी."

काका दचकले. सगळे त्यांच्याभोवती गोल करून उभे होते. ते कधी उठले, कधी आले, काकांना पत्ता नव्हता.

"पाठ ताठ, डोळे उघडे आणि मन पूर्ण मोकळं," शिकवणाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "मी तीन हाका मारल्या, यांना ऐकूही आल्या नाहीत. तब्बल चार मिनिटं! हे जमायला लोकांना वर्षं लागतात."

टाळ्या पडल्या. बायको सगळ्यांत जोरात वाजवत होती. इतके दिवस काका दोन-तीन सेकंदच समजत होते. चार मिनिटांत बस वखारीपासून निघून कालवा पार करते.

"काका, कसं काय जमतं हो तुम्हाला?" जुळ्यांची आई खुर्चीशी वाकून विचारत होती. "मला शिकवा ना."

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आत्ता बोललो नाही तर सोमवारी सकाळी सात वाजता ही आई आपली दोन्ही पोरं स्वतःच्या हाताने माझ्या स्वाधीन करील, हे त्यांना लख्ख दिसलं.

"सोमवारी पोरांना माझ्या गाडीत बसवू नका," ते म्हणाले.

ती हसली. मग त्यांचा चेहरा बघून थांबली.

"हा आराम नव्हता, बाई. मला झोप लागली होती. अशीच लागते. गाडी चालवतानाही लागते."

टाळ्या एकेक करून बंद झाल्या. बायकोचे हात तसेच हवेत राहिले. जुळ्यांच्या आईचा हात खुर्चीवर होता, तो तिने काढून घेतला.

"किती वेळा लागली?" तिने विचारलं.

"चार," काका म्हणाले. "म्हणजे, मला कळल्या तेवढ्या चार."