जिन्यावरचा होकार

लाडक्यांनो,

तुम्ही दोघांनी फोनवरून एकेक बटण सांगत माझ्या टीव्हीवर जो जुना इंग्रजी सिनेमा लावून दिलात, त्याने काल आमच्याकडे काय धमाल उडवली ते क्रमाने सांगते.

हा सिनेमा मी कॉलेजात असताना पाहिला होता, पण अर्धवट. पाच वाजले की थिएटरातून उठायचं असं वडिलांना कबूल केलं होतं. पडद्यावर गरीब मास्तर जिन्याखाली उभा राहून नायिकेला लग्नाचं विचारतोय आणि माझ्या घड्याळात पाच! उठले. भवानी पेठेतली माझी मैत्रीण, म्हणजे तुमची शेंगाचटणी आजी, गोष्ट ऐकायला टपून बसलेली. तिला घरून सिनेमाची परवानगी नव्हती. शेवट माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. ठोकून दिलं, "ती धावत जिना उतरली आणि हो म्हणाली!"

तेव्हा तिला एका मास्तरांचं स्थळ आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी हिनेही हो म्हणून टाकलं. "तुझ्या त्या सिनेमामुळं," असं ती मला आजवर ऐकवत आली आहे.

काल ती त्याच मास्तरांना घेऊन जुळे सोलापूरला माझ्याकडे आली. ते गॅलरीत पेपर वाचत बसले, ही सोफ्यावर मांडी घालून. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून वाक्यावाक्याला मी मराठी करत होते. जिना आला आणि मला माझी ती जुनी थाप आठवली. नायिका शांतपणे काहीतरी बोलली, वळली आणि जिना चढून वर निघून गेली!

"काय म्हणली गं? सांग की!"

मी काहीही सांगू शकले असते. पण नायिकेची पाठ दोघींनाही दिसत होती.

"नाही म्हणाली. मी तेव्हा शेवट पाहिलाच नव्हता गं."

 ती पदर तोंडात कोंबून अशी हसली की सोफा हलायला लागला. मग माझंही हसू आवरेना.

"अहो, ऐकलं का? लई फसवलं हिनं! मी नाही म्हणणार होते तुम्हाला!"

पेपरामागून आवाज आला, "मग आता म्हण की. लिफ्ट बंद हाय, जिना हितंबी हाय."

निघताना ती त्यांचा दंड धरून एकेक पायरी उतरली. मी वर दारात उभी. खालच्या वळणावरून तिने मान वर करून ओरडून सांगितलं, "उतरले गं बाई! गुडघ्यांमुळं धावत नाही, पण उतरले!"