राखाडी अक्षरांचा पुठ्ठा

१२ ऑक्टोबर. माळा झाडताना फिकट राखाडी अक्षरांचा पुठ्ठा सापडला.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहायचो. धाकट्या भावाची दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीची डोळेतपासणी होती, अंधारातलीसुद्धा. म्हणून भर दुपारी खिडकीला गोधडी लावून मी त्याला सरावासाठी हा पुठ्ठा दाखवला. उन्हातून आलेल्या त्याला एकही अक्षर दिसेना.

"ताई, आता जन्मभर कापडाच्या लूमवरच!" तो मटकन बसला.

तिथेच बसल्या बसल्या थोड्या वेळाने त्याने सगळी अक्षरं वाचली. पाठ झाली असतील म्हणून मी पुठ्ठा उलटा धरला, तरी वाचली. उन्हात जाऊन आला, की पुन्हा आंधळा. भावाच्या डोळ्यांपेक्षा मला चाचणीचाच संशय आला: उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळच मिळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधून मी त्याला रिक्षात बसवलं.

"बेन, ऑपरेशन?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही, परीक्षा," म्हटलं, आणि तपासणीच्या अंधाऱ्या खोलीच्या दारातच ओढणी सोडली.