अण्णांच्या पलंगाखालचा डबा

दोन वर्षांनी आज येरमाळ्याला घरी आलेय. दुपारपासून कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, म्हणून इथं लिहितेय.

जुन्या बॅटऱ्या आणि बंद मोबाईल यांचं पुढं काय करायचं, त्याच्या नियमांचे मसुदे मी दिल्लीत लिहिते. आज जेवण झाल्यावर वडिलांनी पलंगाखालून तेलाचा डबा ओढला. आत गावभरचे संपलेले सेल, पुसून ठेवलेले. वर एक फुगलेला मोबाईल.

मी ओरडलेच, "अण्णा, हे पेटलं असतं म्हंजे?"

"तुझ्या कामाचं हाय म्हणून टाकलं न्हाय," अण्णा म्हणाले. "म्हणलं, हे न्यायला तरी येशील."

उद्या डबा घेऊन निघायचंय. तुम्हीच सांगा, आता हे साठवू नका, असं अण्णांना कोणत्या तोंडानं सांगू?