सत्काराची शाल

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ती शाल समोर येते. दोन हजार पाचेक साल असेल. देवळी गावात आमचं बियाण्यांचं दुकान होतं. औषधाचा उग्र वास मारणाऱ्या थैल्यांमागे कॉम्प्युटर होता आणि त्यावर मी फुटबॉलचा एक जुनापुराणा व्हिडिओ गेम खेळायचो. त्या गेमचे जगभरातले वेडे दर वर्षी युरोपात स्पर्धा भरवत, आणि एकदा त्यांचं मला बोलावणं आलं. बाबांनी गावभर सांगितलं, "पोरगा परदेशात फुटबॉल खेळाले चालला." गेमचं काही सांगितलं नाही. व्यापाऱ्यांनी माझ्या सत्कारासाठी चौकात मांडव टाकला. त्याच दुपारी कुरिअरने पासपोर्ट परत आला. सोबतच्या कागदावर व्हिसा नाकारल्याचं लिहिलं होतं. बाबांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "लोकं येऊन बसले. कोणाले काई सांगू नको, चूपचाप शाल घेजो." मी घेतली. पाहुण्यांनी फुटबॉलचे बूटही दिले, एक नंबर लहान. टाळ्या वाजत होत्या आणि मला काहीच वाटत नव्हतं. स्पर्धेचे आठ दिवस मी नागपूरला मावशीच्या मागच्या खोलीत पंख्याकडे बघत काढले. परतलो तर शेजारच्या कापडवाल्या काकांनी विचारलं, "कसं होतं बे तिकडे?" मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, "थंडी लय होती म्हणते." मी मान हलवली. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा शाल बघून मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही युरोपला गेलते ना?" थंडी लय होती, मी म्हणालो.